कोरड्यासाला काय केलंय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरचे विद्वान पाहुणे बोलावण्याची आपली पद्धत आहे. यंदा कार्यकारी समितीने ठरवले की, घरच्याच बाईने बोलावे आणि विषयही घरचाच असावा. तेव्हा मी फार लांब गेले नाही. स्वयंपाकघरातच थांबले. आज मी आपल्यापुढे एका शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द आहे 'कोरड्यास'.

काही जणींच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे, ते मी पाहिले. ज्या हसल्या त्या बहुधा बीड, परभणी, लातूर, धाराशिव नाही तर जालन्याकडच्या माहेरवाशिणी असणार. ज्यांना काही कळले नाही त्या पुण्या-मुंबईकडून आपल्या शहरात आलेल्या. त्यांच्यासाठी सांगते. भाकरीबरोबर खाण्यासाठी जे काही पातळ, ओलसर केलेले असते, मग ती आमटी असो, पातळ भाजी असो, पिठले असो की सामिष रस्सा असो, त्या सर्वांना मिळून आमच्याकडे कोरड्यास म्हणतात. शेजारीण कुंपणावरून विचारते, "काय गं, आज कोरड्यासाला काय केलंय?" या एका प्रश्नात सगळ्या संध्याकाळचा स्वयंपाक येतो.

आता गंमत पाहा. पदार्थ ओला, आणि नाव कोरड्यास! असे का व्हावे?

याचे उत्तर आपल्या शाळेतल्या व्याकरणातच आहे. द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय आपण पाठ केले होते : स, ला, ते. रामास, घरास, देवास. तसेच 'कोरडे' या शब्दाचे सामान्यरूप कोरड्या, आणि त्याला 'स' लागून कोरड्यास. म्हणजे कोरड्याला, कोरड्यासाठी. ताटात कोरडे काय असते? भाकरी. तेव्हा कोरड्या भाकरीला लावून खाण्यासाठी जे करायचे ते कोरड्यास. मूळचा हा नुसता विभक्तीचा एक रूपबंध. वापरता वापरता त्याचेच नाम झाले. आणि ते इतके पक्के झाले की त्यातला 'स' प्रत्यय आपण विसरून गेलो आणि त्यावर पुन्हा 'ला' चढवला. "कोरड्यासाला काय केलंय?" या वाक्यात एकाच अर्थाचे दोन प्रत्यय एकावर एक बसले आहेत. व्याकरणाच्या गुरुजींना हे खटकेल. मला मात्र त्यात शब्दाचे वय दिसते. जुन्या लुगड्याला ठिगळ लागते ते लुगडे रोज वापरात असते म्हणूनच.

या शब्दाशेजारी आपल्या भाषेतले त्याच कामाचे दुसरे शब्द ठेवून पाहू. पश्चिम महाराष्ट्रात कालवण म्हणतात. कालवण म्हणजे ज्यात कालवायचे ते. हा शब्द हाताकडे पाहतो. हात काय करतो ते सांगतो. रस्सा हा संस्कृतातल्या रसाच्या कुळातला. तो भांड्याकडे पाहतो. भांड्यात काय उतरले ते सांगतो. रसाचे कूळ मोठे खरे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात नाटकातला रस समजावून सांगताना दाखला दिला तो स्वयंपाकाचाच : नाना व्यंजने आणि मसाले यांच्या संयोगाने जसा रस निपजतो, तसा भावांच्या संयोगाने नाट्यातला रस निपजतो. म्हणजे पंडितांनाही शेवटी स्वयंपाकघरातच यावे लागले! आमटी हा शब्द जिभेकडे पाहतो. आम्ल, आमट, त्यातून आमटी. म्हणजे आंबट ती. कढी हा चुलीकडे पाहतो. कढवलेली ती कढी. हे सर्व शब्द आपापल्या जागी चांगलेच आहेत. पण कोरड्यास हा एकटाच शब्द असा आहे की जो स्वतःकडे पाहतच नाही. तो पाहतो शेजारच्या भाकरीकडे. ही कोरडी आहे, ही घशाखाली उतरली पाहिजे, एवढीच त्याची काळजी.

असा शब्द मराठवाड्यात रुजावा यात नवल नाही. आपला मुलूख ज्वारी-बाजरीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा. भाताच्या प्रदेशात मूळ अन्नच ओले असते, तिथे वर काय घालायचे हा चवीचा प्रश्न. आपल्याकडे भाकरी सकाळी थापली आणि दुपारी शेतात सोडली की ती खडखडीत झालेली असते. तिथे कोरड्यास हा चवीआधी गरजेचा प्रश्न. म्हणूनच आपल्याकडे असेही पदार्थ झाले की ज्यांत कोरडे आणि ओले एकाच भांड्यात शिजते. वरणफळे किंवा चकोल्या घ्या, हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे घ्या. पोळी वेगळी आणि आमटी वेगळी करायला वेळही नाही, सरपणही नाही, तेव्हा पिठाचे तुकडेच रसात सोडले.

आणि भाजीच नसेल तेव्हा? तेव्हा येसर. नव्या मुलींसाठी सांगते. गहू किंवा ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरे, मिरची आणि मसाल्याचे इतर जिन्नस खमंग भाजून दळायचे आणि बरणीत भरून ठेवायचे. पाणी उकळले, त्यात मूठभर येसर घातला, वर फोडणी दिली की आमटी तयार. मसाला तोच आणि रसाला दाटपणा आणणारे पीठही तेच. संस्कृतात वेसवार असा शब्द आहे. अमरकोशात तो मसाल्याच्या अर्थाने आला आहे. आपल्या खेड्यात वेळ म्हणायचे तर येळ म्हणतात, वेस म्हणायची तर येस म्हणतात, वेलाचा येल होतो. त्याच वाटेने वेसवाराचा येसर झाला असे धरले, तर अमरसिंहाच्या कोशातला शब्द आपल्या फडताळातल्या बरणीत सुखरूप राहिला आहे असे म्हणता येईल.

आता आपल्या शहराकडे येऊ. या शहराने स्वतःची नावेच किती पाहिली! 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी येथे शहर वसवले. 1626 मध्ये त्याचे फतेहनगर झाले, 1653 मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाले, आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. ज्या शहरात इतके राज्यकर्ते आले, तिथे त्यांच्या फौजा आल्या, फौजांबरोबर आचारी आले आणि आचाऱ्यांबरोबर शब्द आले. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू होती. परंतु स्वयंपाकाचे शब्द कचेरीतून आले नाहीत. ते बाजारातून, लग्नाच्या मांडवातून आणि शेजारणीच्या भिंतीवरून आले.

शेरवा पाहा. मटणाच्या पातळ पाण्याला आपण शेरवा म्हणतो. हा फारसीतला शोरबा. शोर म्हणजे खारट, आणि बा म्हणजे पातळ शिजवलेले अन्न. हाच शब्द पश्चिमेकडे निघाला तो तुर्कस्तानात आणि रुमानियात चोर्बा होऊन बसला. बाळंतिणीला शेरवा पाजणाऱ्या आपल्या आजीला कुठे ठाऊक होते की तिच्या वाटीचे सोयरे काळ्या समुद्रापर्यंत पसरले आहेत!

तर्री पाहा. फारसीत तर म्हणजे ओले, आणि तरी म्हणजे ओलावा. तरबतर आपण म्हणतोच. पण आज आपण तर्री म्हणतो ती रश्शावर तरंगणाऱ्या लाल तेलाच्या थराला. नाव पाण्याचे, वस्तू तेलाची.

आणि आपल्या शहराची प्रसिद्ध नान-कलिया. ती सर्वांच्या पंगतीत नसली तरी नाव सर्वांना ठाऊक आहे. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला राजधानी हलवली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला असे परंपरेने सांगतात. नान ही तंदुरातली रोटी, आणि कलिया हा मटणाचा रस्सा. अबुल फजलने 'आईने अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्यातले जे पदार्थ दिले आहेत त्यांत कलिया आहेच. परंतु शब्दाचे मूळ अरबी आहे आणि त्याचा अर्थ आहे तळलेले, परतलेले. आपली मुले रसायनशास्त्रात अल्कली शिकतात ना, त्याचे मूळही तेच. वनस्पती भाजून जी क्षारयुक्त राख होते तिच्यावरून ते नाव पडले. म्हणजे तळण्या-भाजण्याचा शब्द दौलताबादच्या वाटेवर रश्शात पडला आणि कायमचा ओला झाला.

भगिनींनो, आता हे शब्द ओळीने मांडते. कोरड्यास म्हणजे शब्दाने कोरडे, वस्तूने ओले. कलिया म्हणजे शब्दाने तळलेला, वस्तूने रस्सा. तर्री म्हणजे शब्दाने ओलावा, वस्तूने तेल. एक शब्द आपल्या मातीतला, एक अरबस्तानातून निघालेला, एक इराणातला. तिन्ही आपल्या शहरात एकाच गल्लीत नांदतात, आणि तिघांनीही मूळचा अर्थ मागे टाकला आहे. यावरून मी एक गोष्ट शिकले. शब्दाचे मूळ आणि शब्दाचा अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मूळ कोशात सापडते. अर्थ मात्र रोज जेवणारी माणसे ठरवतात.

आणि ज्या शब्दाने सध्या आपल्या घरात ठाण मांडले आहे तो ग्रेव्ही तरी काय? हॉटेलात ग्रेव्ही, पाकिटावर ग्रेव्ही, आणि आता नातवंडेही म्हणतात, "आजी, ग्रेव्ही वाढ." हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे ग्राने असा एक शब्द होता, त्याचा संबंध दाण्याशी, मसाल्याच्या दाण्यांशी. हस्तलिखित उतरवून घेताना कोणा लेखनिकाने 'न'च्या जागी 'व' वाचला आणि ग्रानेचे ग्रावे झाले, असे बऱ्याच कोशकारांचे मत आहे. म्हणजे साहेबाचा रस्साही मुळात कोरड्या दाण्याचाच! तेव्हा ग्रेव्हीला नावे ठेवण्याचे कारण नाही. कलिया आली, शेरवा आला, तर्री आली, तशी तीही आली. आल्या पाहुण्याला पाट द्यावा ही आपली रीत आहे. पण पाहुणा आला म्हणून घरच्या माणसाला अंगणात बसवावे, ही रीत नाही.

आणि कोरड्यासाचे नेमके तसेच झाले आहे. मी लहान असताना एका शाळेत निबंध लिहिला होता, 'माझी आई'. त्यात लिहिले, "आई पहाटे उठून भाकरी आणि कोरड्यास करते." बाईंनी त्या शब्दावर तांबडी रेघ ओढली, वर 'भाजी' असे लिहिले आणि वर्गाला सांगितले की हा शब्द गावंढळ आहे. वर्ग हसला. मी घरी जाऊन आईला तो शब्द पुन्हा न बोलण्याची ताकीद दिली. आई काही बोलली नाही. पण त्यानंतर माझ्यादेखत ती 'भाजी' म्हणू लागली, आणि माझ्या पाठीमागे शेजारणीशी 'कोरड्यास'. एका तांबड्या रेघेने एका बाईच्या तोंडचा शब्द तिच्याच घरात चोरटा झाला. अशा किती घरांत किती शब्द चोरटे झाले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

एक शब्द गेला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. प्रत्येक शब्द काही तरी दाखवत असतो. तो गेला की ते दिसेनासे होते. रसाच्या दाटपणाचेच शब्द घ्या. लपथपीत, अंगाबरोबर, सरसरीत, पळीवाढे, पातळ, पाणचट. सासूने सुनेला "अंगाबरोबर रस ठेव" म्हटले की सुनेला माप कळत होते. वाटी-चमच्याची गरज पडत नव्हती. आता सगळ्याला मिळून एकच शब्द उरला, तर ही सहा मापे हातातून गेली. पळीवाढे म्हणजे नेमके किती, हे दाखवणारी माणसे आहेत तोवर विचारून घेतले पाहिजे.

कोरड्यास हा शब्द तर त्याहून मोठी गोष्ट दाखवतो. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायका खडी फोडायला गेल्या. तेव्हा लाल मिलो ज्वारी खाल्ली, कामावर मिळालेली सुकडी खाल्ली. त्या वर्षी कित्येक चुलींवर भाकरी होती, पण कोरड्यास नव्हते. मीठ-मिरची पाण्यात कालवून तिला कोरड्यास म्हणायचे आणि पोरांना भुलवायचे. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

परंतु दुष्काळ नसलेल्या वर्षांचे काय? इथे मी थोडे स्पष्ट बोलणार आहे, आपण राग मानू नये. आपल्या घरात कोरड्यास कोण वाढते आणि कोणाच्या वाट्याला किती येते, हे आठवून पाहा. वरची तर्री पहिल्या पंगतीला. पुरुष जेवले, मुले जेवली, अवेळी पाहुणा आला. आमटीत तांब्याभर पाणी ओतून, चिमूटभर मीठ टाकून ती वाढवली. शेवटी घरची बाई बसली तेव्हा पातेल्याच्या बुडाशी जे उरले ते तिचे. काही उरले नाही तर भाकरी, मीठ आणि लसणाची चटणी. साऱ्या घराच्या कोरड्याची काळजी करणारी बाई स्वतः कोरडे खात आली, आणि वर आपण तिचे कौतुक करीत आलो की, "तिला कशाचीही हौस नाही."

ही गोष्ट जुनी झाली असे म्हणू नका. गॅस आला, शीतकपाट आले, कुकर आला. पण शेवटी जेवण्याची सवय कित्येक घरांत अजून गेलेली नाही. आपल्याच मंडळातल्या किती भगिनी आज सकाळी सर्वांना वाढून, उभ्याउभ्या दोन घास खाऊन इथे आल्या, हे मी विचारत नाही. आपण आपल्याशीच विचारावे. बाईच्या अंगात रक्त कमी आहे, असे डॉक्टर सांगतात तेव्हा घरातली माणसे गोळ्या आणतात. गोळ्या घ्याव्यातच. पण पातेल्यातली पहिली पळी कोणाच्या ताटात पडते, तेही एकदा पाहावे.

'कोरड्यास' या शब्दात चतुर्थी आहे हे मी आरंभी सांगितले. चतुर्थीचा अर्थ दान. कोणाला तरी देणे. कोरड्याला ओलावा द्यावा, असे हा शब्द सांगतो. तो फक्त पुरुषांच्या भाकरीला द्या असे सांगत नाही. ज्याच्या ज्याच्या ताटात कोरडे आहे, त्याला त्याला द्या असे सांगतो. म्हणून हा शब्द मला गावंढळ वाटत नाही. मला तो फार सुसंस्कृत वाटतो.

आता शेवटचे सांगते आणि आपली रजा घेते. नुसते भाषण ऐकून घरी जाण्याची आपल्याला सवय झाली आहे. यंदा थोडे काम करू. माझ्या दोन सूचना आहेत.

पहिली अशी की, मंडळाच्या कपाटात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक भगिनीने आपल्या माहेरच्या स्वयंपाकातले शब्द तीत लिहावेत : पदार्थांचे, भांड्यांचे, मापांचे, चवींचे, चुलीच्या जाळाचे. शब्दापुढे अर्थ, गाव आणि तो कोणाच्या तोंडून ऐकला ते लिहावे. आई, आजी, सासू, मोलकरीण, शेजारीण, कोणीही असो. मुसलमान शेजारणींकडेही जावे. कलियाच्या मसाल्यांची नावे त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? आपल्या शहरात 1958 पासून विद्यापीठ आहे, तिथे भाषेचे अभ्यासक आहेत; पण आपल्या चुलीपाशी येऊन ते बसू शकत नाहीत. आपण तिथेच बसलेल्या आहोत. हे काम आपणच केले पाहिजे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत उशीर करून चालत नाही.

दुसरी सूचना अशी की, आठवड्यातून निदान एक दिवस, आपापल्या घरी, सर्वांनी एका पंगतीत बसावे. पातेले मध्ये ठेवावे आणि ज्याचे त्याने घ्यावे. त्या दिवशी घरात कोणी विचारले की, "आज ग्रेव्ही कसली आहे?" तर रागावू नका. हसून सांगा, "आज कोरड्यासाला येसराची आमटी आहे," आणि पहिली पळी स्वतःच्या ताटात घ्या.

मंडळाला दीर्घायुष्य लाभो.